मागची खुर्ची

वाचन : मार्क 1:40-45



आजचा विषय उपासनेनंतर चहा घेताना कोणी काढत नाही. घरात मात्र आई लेकराला खिडकीपाशी उजेडात बसवते, दार लोटून घेते आणि मग फणी हातात घेते. विषय आहे लेकरांच्या डोक्यातल्या उवांचा. त्यांच्यापायी आमच्या हातून एक चूक झाली. ती आम्ही मंडळीपुढे कबूल केली आहे आणि आज इथेही सांगतो, म्हणजे दुसऱ्या कोणाकडून ती होऊ नये.

गेल्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपली आणि नाताळच्या नाटकाची तालीम सुरू झाली. आमचे संडे स्कूल आम्ही चौघी मिळून सांभाळतो. बेळगावात त्या दिवसांत चांगलीच थंडी असते. मुले सतरंजीवर एकमेकांना चिकटून बसत. चार मुलांत गीतांचे एकच पुस्तक, त्यामुळे चारही डोकी त्या पुस्तकावर एकत्र यायची. आम्हाला ते बघून बरे वाटायचे.

चौथीतली एक मुलगी सारखी डोके खाजवत होती. लांब केस, दोन घट्ट वेण्या, लाल रिबिनी. नाटकात तिला देवदूत व्हायचे होते. आमच्यापैकी एकीने तिच्या कानामागचे केस बाजूला केले आणि लगेच हात मागे घेतला. मग आम्ही तिला उठवले आणि शेवटच्या ओळीत एका खुर्चीवर एकटीला बसवले. बाकीची मुले मागे वळून वळून बघत होती. तिची आई न्यायला आली तेव्हा दाराशीच, दहा जणांच्या देखत, आम्ही म्हणालो, “हिच्या डोक्यात उवा झाल्यात. साफ झाल्या की मगच पाठवा.”

आम्हाला वाटले, आम्ही जबाबदारीने वागलो. इतर लेकरांना जपले.

पुढच्या रविवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. आईसुद्धा उपासनेला दिसली नाही. मग त्यांच्या शेजारच्या एका ताईंनी सांगितले की त्याच रात्री आईने तिच्या डोक्याला रॉकेल चोळून कापड बांधले होते. सकाळी मानेवरची कातडी लाल झाली, आग आग होऊ लागली. तेव्हा आईने कात्री घेतली आणि दोन्ही वेण्या कापून टाकल्या. मुलगी दिवसभर खाटेखालून बाहेर आली नाही.

त्या रात्री आम्ही चौघींनी आपापल्या घरी मुलांची डोकी तपासली. तीन घरांत उवा निघाल्या.

आता कोणाच्या कोणाला झाल्या? आम्ही एका ओळखीच्या डॉक्टरीणबाईंना विचारले. त्यांनी सांगितलेली गोष्ट आमच्या मनात घर करून बसली. ऊ चावली म्हणजे लगेच खाज सुटते असे नाही. तिच्या लाळेची शरीराला ॲलर्जी होते आणि त्यातून खाज येते. पहिल्यांदाच उवा झालेल्या मुलाला खाज सुटायला चार ते सहा आठवडेही लागू शकतात. तेवढे दिवस ते मूल अजिबात न खाजवता उवा घेऊन फिरत असते. म्हणून जे मूल आधी खाजवते, त्याच्यापासूनच सगळ्यांना झाल्या असे कोणीच म्हणू शकत नाही. आमच्याच घरातून त्या मुलीला गेल्या असतील. आम्ही मात्र खुर्ची तिलाच दिली होती.

डॉक्टरीणबाईंनी आणखीही समजावले. ते सर्व आयांसाठी इथे देतो.

ऊ उडत नाही आणि उडीही मारत नाही. ती फक्त चालते. तिळाएवढी असते. डोक्याला डोके लागले की एका केसावरून दुसऱ्या केसावर जाते. एकाच उशीवर झोपणारी भावंडे आणि एका पुस्तकावर वाकलेली मैत्रिणी यांच्यात ती पसरते. फणी, टोपी, ओढणी यांतून पसरण्याचा संभव कमी, पण त्या वस्तू वेगळ्या ठेवलेल्या बऱ्या. डोक्यावरून खाली पडलेली ऊ एकदोन दिवसांत मरते. रोज न्हाणाऱ्या मुलालाही उवा होतात. त्यांचा घाणीशी संबंध नाही. डोक्यातल्या उवांमुळे दुसरा रोग पसरत नाही. फार खाजवून जखम झाली तर ती मात्र चिघळू शकते.

मादी दिवसाला आठपर्यंत अंडी घालते. त्यांनाच आपण लिखा म्हणतो. त्या केसाच्या मुळाशी डिंकाने चिकटवल्यासारख्या बसतात. कोंडा झटकला की पडतो, लीख पडत नाही, ही ओळखायची खूण. लीख आठ-नऊ दिवसांत फुटते आणि त्यातून निघालेले पिल्लू साधारण नऊ ते बारा दिवसांत मोठे होऊन स्वतः अंडी घालू लागते.

उपाय या हिशेबावरच चालतो. औषधाच्या दुकानात 1 टक्का परमेथ्रिनचे औषध मिळते. केस साध्या शाम्पूने धुवावेत, कंडिशनर लावू नये, पाणी टिपून ओलसर केसांना मुळापासून औषध लावावे आणि दहा मिनिटांनी धुऊन टाकावे. याने उवा मरतात, पण सगळ्या लिखा मरत नाहीत. म्हणून नवव्या दिवशी पुन्हा लावायचे. मागे राहिलेल्या लिखा तोवर फुटलेल्या असतात, पण त्यांतल्या पिल्लांनी अजून अंडी घातलेली नसतात. बहुतेक घरांत दुसरी वेळ राहून जाते आणि मग “औषधाचा काही उपयोग नाही” असे आपण म्हणतो. औषध लावून दहा-बारा तास झाले तरी उवा पहिल्यासारख्याच चपळ दिसल्या, तर तेच औषध पुन्हा पुन्हा चोळू नये, डॉक्टरांना दाखवावे. अगदी लहान बाळाला आणि गरोदर आईला डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच लावू नये.

औषध नको असेल तर फणी आहेच. ओल्या केसांना भरपूर कंडिशनर लावायचा, गुंता काढायचा आणि बारीक दातांच्या फणीने एकेक बट मुळापासून टोकापर्यंत विंचरायची. प्रत्येक वेळी फणी पांढऱ्या कापडावर पुसायची. दर तीन-चार दिवसांनी असे दोन आठवडे. वेळ खूप लागतो, पण पैसा लागत नाही.

घर उपसायची गरज नाही. मागच्या दोन दिवसांत वापरलेले उशीचे अभ्रे, चादरी, टोपी आणि ओढण्या कडकडीत पाण्यात धुवाव्यात. फण्या गरम पाण्यात बुडवून ठेवाव्यात. धुता न येणारी वस्तू दोन आठवडे पिशवीत बांधून ठेवली तरी पुरे.

आणि हात जोडून सांगतो, रॉकेल लावू नका. ते पेट घेते, कातडी भाजते आणि त्याचा घोट पोटात किंवा छातीत गेला तर जिवावर बेतते. ढेकणांचे, झुरळांचे किंवा पिकावरचे औषध लेकराच्या डोक्याला कधीच लावू नका. सीताफळाच्या बियांची पूड लावायची आपल्याकडे जुनी रीत आहे, पण ती डोळ्यांत गेली तर डोळ्यांना इजा होते. केस कापायचीही गरज नसते.

हे सगळे कळल्यावर आम्ही त्या मुलीच्या घरी गेलो. आई दारातच उभी राहिली. आत या म्हणाली नाही. आम्ही क्षमा मागितली. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “बाई, तुम्ही मला बाजूला घेऊन सांगितलं असतं, तरी चाललं असतं की हो.”

यावर आमच्याकडे उत्तर नव्हते.

तेव्हा आमच्यातली एक जण पायरीवर बसली आणि म्हणाली, “आमच्या पोरांच्या डोक्यातही निघाल्यात. माझं डोकं दोन दिवस खाजतंय. तुम्ही बघता का जरा?” आई काही वेळ तशीच उभी होती. मग आतून फणी घेऊन आली, मागे बसली आणि बाईंचा अंबाडा सोडला. दोन उवा निघाल्या. तिसरी निघाली तेव्हा खाटेपाशी उभी असलेली मुलगी खुदकन हसली. तिचे केस कानाच्या वर आले होते आणि कडेला वाकडेतिकडे कापले होते.

घरी परतताना आम्ही पवित्र शास्त्रातल्या त्या कुष्ठरोग्याबद्दल बोलत होतो. लेवीयच्या तेराव्या अध्यायातले नियम आम्हाला ठाऊक होते. याजकाने तपासायचे, वेगळे ठेवायचे, पुन्हा तपासायचे. आम्हीही याजकासारखे तपासले आणि निकाल दिला होता. प्रभूने काय केले ते मार्काने लिहून ठेवले आहे. त्या माणसाचा रोग अजून गेला नव्हता, तेव्हाच प्रभूने हात पुढे करून त्याला स्पर्श केला. शुद्ध हो, हे त्यानंतर. आम्ही म्हटले होते, आधी साफ हो, मग जवळ ये. प्रभूचा क्रम उलटा आहे. रोग जाण्याआधीच त्या माणसाचे एकटेपण गेले. उवा म्हणजे कुष्ठरोग नव्हे, पण लेकराला एकटे बसवले की त्याला जे वाटते ते फार वेगळे नसावे.

उवा गरिबाघरच्या, अस्वच्छ लोकांच्या, असे आपल्या मनात कुठेतरी असते. यहोशवाच्या पुस्तकात लाखीश नावाचे शहर येते. यरुशलेमच्या नैर्ऋत्येला त्याचे अवशेष आहेत. तिथल्या खोदकामात 2016 साली हस्तिदंताची एक लहानशी फणी सापडली. तिच्यावर कनानी लिपीत बारीक अक्षरे कोरलेली आहेत, हे नंतर लक्षात आले आणि 2022 साली ते जगापुढे आले. फणी इ.स.पू. 1700 च्या सुमाराची मानली जाते. मजकूर एका वाक्याचा, या दाताने केसांतल्या आणि दाढीतल्या उवा निघून जावोत, अशा अर्थाचा. दातांमध्ये उवेच्या पिल्लाचे अवशेषही मिळाले. हस्तिदंत तिथे बाहेरून आणावा लागे, म्हणजे फणीचा मालक पैसेवाला असणार. त्या लिपीत लिहिलेले जे सर्वांत जुने पूर्ण वाक्य आज हाती आहे, ते उवांबद्दलचे आहे. माणसाने ही गोष्ट हस्तिदंतावर कोरली, आणि आपण दार लोटून फणी काढतो.

पुढच्या शनिवारी आम्ही सर्व पालकांना कोणाचेही नाव न घेता सांगितले की संडे स्कूलमध्ये उवा आहेत, आमच्या घरीही आहेत, तेव्हा सगळ्यांनी आजच मुलांची डोकी बघा. ज्या घरांत निघाल्या त्या सर्वांनी त्याच दिवशी औषध लावले आणि नवव्या दिवशी, म्हणजे सोमवारी, पुन्हा. एका घराने करायचे आणि दुसऱ्याने नाही, असे झाले तर त्या परत येतातच. ज्यांना औषध परवडत नव्हते त्यांच्यासाठी आम्ही चौघींनी पैसे काढले. तालीम बंद ठेवली नाही. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही 2022 साली म्हटले आहे की उवांमुळे निरोगी मुलाला शाळेपासून दूर ठेवू नये. गीतांची पुस्तके मात्र आम्ही आणखी आणली. लांब केसांच्या मुली आता वेणी घालून येतात आणि महिन्यातून एकदा सर्व आया घरी फणी फिरवतात.

नाताळच्या नाटकात ती देवदूत झाली. आखूड केसांवर चांदीच्या कागदाची पट्टी बांधली होती. आवाज खणखणीत लागला. आई तिसऱ्या ओळीत बसली होती.

सगळे पुसले गेले असे मात्र आम्ही म्हणणार नाही. ती अजूनही संडे स्कूलमध्ये शेवटच्या ओळीत बसत नाही. जागा नसली तर भिंतीला टेकून उभी राहते. आम्ही ती खुर्ची तिथून काढून टाकली आहे, पण ती कुठे होती हे तिला माहीत आहे, आणि आम्हालाही.

प्रभूने सांगितले आहे की आपल्या डोक्यावरच्या केसांचीही देवबापाजवळ मोजदाद आहे. लेकराचे डोके मांडीवर घेऊन एकेक केस वेगळा करताना आम्हाला ते आता आठवते. मोजायचे म्हणजे इतक्या जवळ बसावे लागते.

प्रार्थना : हे प्रभू येशू, त्या कुष्ठरोग्याला तू दूर उभा राहून शुद्ध केले नाहीस. आमच्या हातून ज्या लेकरांना लाज वाटली त्यांची आम्हाला आठवण राहू दे. थकलेल्या आयांच्या हातांना धीर दे. आणि दोष दाखवायच्या आधी जवळ बसायला आम्हाला शिकव. आमेन.