चिंध्या मोजताना

सांगलीहून आईने तिच्या रक्ततपासणीचा फोटो पाठवला, तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. आईला संधिवात आहे. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट घेते, आणि या गोळीचा यकृतावर परिणाम होऊ शकतो म्हणून दर काही महिन्यांनी रक्त तपासावं लागतं. एएसटी ५२, एएलटी ४९, प्लेटलेट १८०. वय ५८.

मी इंजिनिअर. आकडे दिसले की सूत्र शोधणार. सापडलं फिब-फोर: वय गुणिले एएसटी, भागिले प्लेटलेट गुणिले एएलटीचं वर्गमूळ. उत्तर २.३९. १.३ च्या खाली असेल तर बहुधा काळजी नाही, २.६७ च्या वर असेल तर यकृतात तंतू साचल्याची दाट शंका. आम्ही मधोमध. हे सूत्र २००६ साली एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी दोन्ही असलेल्या रुग्णांवरून बांधलेलं, हे मी नंतर वाचलं. आईला फोन मात्र आधी केला.

मग रात्रभर कोलॅजेन. यकृताला इजा होत राहिली की तिथे कोलॅजेनचे धागे विणले जातात. तिसऱ्या प्रकारच्या कोलॅजेनचा रेणू तयार होतो तेव्हा त्याच्या टोकाला एक जादा तुकडा असतो; धागा विणताना तो कापला जातो आणि रक्तात येतो. तोच पीथ्रीएनपी. शिंप्याच्या दुकानाबाहेरच्या चिंध्या मोजून आत किती शिवलं याचा अंदाज बांधायचा, तसं. मला हे फारच आवडलं. सुईने यकृताचा तुकडा काढला तरी तो अख्ख्या यकृताच्या साधारण ५०,०००वा भाग. रक्त तर सगळीकडून फिरून येतं!

ब्रिटनमध्ये सोरायसिससाठी मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांवर ही तपासणी बरीच वापरली गेली. मी आईच्या डॉक्टरांना विचारलं, ही करूया का? त्या म्हणाल्या, "अरे, सुजलेल्या सांध्यातही तेच कोलॅजेन बनतं. आकडा वाढला तर तो यकृताचा की बोटांचा, कसं सांगशील?" वाढत्या वयाच्या मुलांमध्येही तो जास्तच असतो म्हणे.

म्हणजे लॉग आहे, पण कुठल्या सर्व्हरचा ते लिहिलेलं नाही.

त्यांनी फायब्रोस्कॅन सांगितला. बरगड्यांवरून एक धक्का, आणि यकृत किती कडक ते किलोपास्कलमध्ये. आला ५.४. ठीक आहे म्हणाल्या, गोळी चालू ठेवा.

तेव्हा आई हळूच म्हणाली, "तीन आठवडे घेतलीच नाही मी."

"का?"

"तूच म्हणालास ना त्या रात्री, लिव्हर खराब होतंय."

मी तसं म्हणालो नव्हतो. २.३९ म्हणालो होतो. तिने हात पुढे केला. उजव्या हाताची मधली दोन बोटं वळत नव्हती. पाटल्या काढून पर्समध्ये ठेवल्या होत्या. रिक्षात बसल्यावर मी पाण्याची बाटली उघडून दिली, कारण झाकण तिला फिरवता येईना.