सुंठीवाचून गेलेला खोकला

‘जागा अडवली’ हे दोन शब्द काही केल्या पाठ सोडत नाहीत. एमबीबीएस झालेल्या मुलीने दवाखाना थाटायचा नाही, पीजीच्या परीक्षेलाही बसायचं नाही, त्याऐवजी औषध कंपनीत, विमा कंपनीत, सार्वजनिक आरोग्यात नाहीतर नागरी सेवेत जायचं असं ठरवलं, की कुणीतरी हे शब्द उच्चारतंच. त्यांच्यामागचा राग समजण्यासारखा आहे. नीटला बसणारी मुलं वीस लाखांहून अधिक, जागा लाखाच्या घरात; म्हणजे आत गेलेल्या प्रत्येकीमागे दाराबाहेर राहिलेल्यांची रांग असते. कॉलेज सरकारी असेल तर साडेचार वर्षांच्या शिक्षणाचा आणि वर्षभराच्या इंटर्नशिपचा बराचसा भार लोकांच्या करातून उचललेला असतो. यावर एक उत्तर आकड्यांतूनच देता येतं. 2022 मध्ये सरकारने संसदेत 834 माणसांमागे एक डॉक्टर असा हिशेब मांडला, तेव्हा आयुषचे वैद्य त्यात मिळवले होतेच, पण नोंदणी झालेल्या 13 लाखांवर ॲलोपॅथी डॉक्टरांपैकी 80 टक्केच उपलब्ध असतील असं गृहीतही धरलं होतं. पाचांतला एक आधीच वजा केलेला. भामरागडला डॉक्टर मिळत नाही तो काही या मुलीने विमा कंपनीत नोकरी धरली म्हणून नव्हे. पुण्या-मुंबईच्या एकेका रस्त्यावर दवाखान्यांच्या पाट्यांची दाटी आहे म्हणून तो मिळत नाही. पण या उत्तराने माझंच समाधान होत नाही. दुसऱ्याने कर्ज बुडवलं म्हणून आपलं फिटत नाही. तेव्हा हा हिशेब बाजूला ठेवून वेगळाच प्रश्न विचारून पाहावासा वाटतो: रोग्याला बरं करण्याचं काम होतं तरी कुठे?

मराठीत म्हण आहे, सुंठीवाचून खोकला गेला. नकोसा पाहुणा आपणहून निघाला, भांडण आपोआप मिटलं, की आपण ती वापरतो आणि सुटकेचा श्वास टाकतो. या म्हणीत करणारा कुणीच नाही. खोकला स्वतःच कर्ता आहे, तोच गेला. सुंठ डब्यात जशीच्या तशी. बहुतेक खोकले असेच जातात, दोन-तीन आठवड्यांत, काही घेतलं तरी आणि न घेतलं तरी. पण सुंठ उगाळून चाटवली आणि मग खोकला गेला, तर श्रेय सुंठीचं, आणि चाटवणाऱ्याचंही. ही म्हण ज्याने पहिल्यांदा उच्चारली त्याने हे श्रेय तपासून पाहिलं होतं, असं मला वाटतं. त्याने सुंठ न घेतलेला माणूस पाहिला, त्याचाही खोकला जाताना पाहिला, आणि त्याच्या मनात सुंठीबद्दल शंका आली. आधुनिक वैद्यकातली फार मोठी गोष्ट या शंकेवर उभी आहे. औषध लागू पडतं की नाही हे ते घेणाऱ्यांकडे नुसतं पाहून कळत नाही, न घेणाऱ्यांकडेही तितक्याच बारकाईने पाहावं लागतं. दवाखान्यात बसणाऱ्याला हे जवळजवळ अशक्य असतं. त्याच्याकडे सुंठ घेतलेलेच येतात, किंवा सुंठ मागायला आलेले. न आलेला माणूस त्याला दिसणार कसा?

1948 साली ब्रिटनमध्ये स्ट्रेप्टोमायसिनची क्षयावरची चाचणी प्रसिद्ध झाली. 55 रुग्णांना औषध आणि विश्रांती, 52 जणांना नुसती विश्रांती. कोण कुठल्या गटात जाणार हे बंद पाकिटं ठरवणार, डॉक्टर नव्हेत. सहा महिन्यांनी पहिल्या गटात 4 दगावले होते, दुसऱ्यात 14. ही मांडणी ज्यांची होती ते ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल डॉक्टर नव्हते. त्यांना डॉक्टर व्हायचं होतं. पहिल्या महायुद्धात क्षय झाला, ते राहून गेलं, आणि त्यांनी टपालाने अर्थशास्त्राची पदवी घेतली. आपल्याकडचं उदाहरण तर खोकल्याचंच आहे. 1959 साली बंगळूरला राष्ट्रीय क्षयरोग संस्था सुरू झाली. तिथे देबाबर बॅनर्जी होते, वैद्यकाचं शिक्षण घेऊन मानववंशशास्त्राकडे वळलेले. त्यांनी आणि त्यांचे सहकारी स्टिग अँडरसन यांनी गावोगावच्या क्षयरुग्णांना विचारलं, त्रास होतो हे तुम्हांला कळतं का, कळल्यावर तुम्ही काय करता? खेड्यातले लोक अडाणी, ते दवाखान्यात येतच नाहीत, असा तेव्हा सर्वांचा समज. निघालं उलटंच. अर्ध्याहून अधिक रुग्ण आधीच कुठल्या ना कुठल्या दवाखान्याची पायरी चढून आलेले होते. तिथे त्यांच्या हाती खोकल्याच्या औषधाची बाटली देऊन त्यांना परत पाठवलं होतं. त्यांचा क्षय कुणी ओळखलाच नव्हता. 1962 मध्ये राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम आला आणि क्षयाचं निदान-उपचार साध्या आरोग्य केंद्रांतूनच व्हावेत असं ठरलं, त्यामागे या पाहणीचा मोठा हात होता. एक डॉक्टर दवाखान्याबाहेर पडून लोकांना प्रश्न विचारत फिरला, म्हणून दवाखान्याच्या आत काय चुकतं आहे ते दिसलं. त्याने जागा अडवली असं कोण म्हणेल?

इथवर युक्तिवाद नीट चालतो. पण बॅनर्जींच्या पाहणीकडे पुन्हा पाहिलं की ती माझ्या बाजूने जितकी बोलते तितकीच विरुद्धही बोलते. बाटली देऊन परत पाठवणारा तो डॉक्टर खुर्चीत बसलेला होता आणि रोगी त्याच्या समोर उभा होता. कमी पडला तो कान. म्हणजे खोकला ऐकून थबकणारा, किती दिवस झाले म्हणून विचारणारा माणूस हवा होता तो तिथेच, त्या खुर्चीत. आता जी मुलं दवाखाना सोडण्याचा विचार करतात त्यांतली कितीतरी अशीच थबकणारी असणार. दोन मिनिटांत रोगी उरकायचा ज्यांना जमत नाही, सलग ड्यूटीनंतर आपण समोरच्यावर खेकसलो याची ज्यांना टोचणी लागते, तीच बाहेरची वाट शोधतात. ती गेल्यावर खुर्ची रिकामी राहत नाही. बाटली देणारा कुणीतरी तिथे बसतोच. यावर कुणी म्हणेल, मन मारून बसलेला डॉक्टर तरी काय ऐकणार? खरं आहे. थकलेला कान शाबूत असला तरी ऐकत नाही.

दुसरी अडचण याहून अवघड आहे. श्रीराम लागूंनी 1969 मध्ये कान-नाक-घशाची शस्त्रक्रिया सोडून रंगभूमी धरली, अनिल अवचटांनी एमबीबीएसनंतर लेखन आणि समाजकार्य. मराठी समाजाने दोघांनाही डोक्यावर घेतलं. कला आणि सेवा, ही दोन दारं आपण उघडी ठेवली आहेत. तिसरं दार साध्या नोकरीचं, आणि बाहेर पडणारे बहुतेक याच दाराने जाणार: औषधांचे दुष्परिणाम नोंदवणं, चाचण्यांचे अहवाल लिहिणं, विम्याचे दावे तपासणं. त्यांच्यासाठी बॅनर्जींचं नाव पुढे करणं थोडं अप्रामाणिक वाटतं. दुष्परिणामांची नोंद तरी सुंठीवरच्या शंकेशी नातं सांगते; एका रोग्याला आलेलं पुरळ योगायोग असतो, शंभर जणांना आलेलं नसतो, आणि ते शंभर मोजणारं माणूस कुठल्या वॉर्डात नसतं. विम्याच्या दाव्यांचं तसं नाही. त्या टेबलावर फाइल येते: वय 52, मधुमेह, सहा दिवस अतिदक्षता विभाग. ज्याने इंटर्नशिपमध्ये अशा रोग्याची रात्रभर शुगर तपासली आहे, त्याला डिस्चार्ज कार्डाच्या तीन ओळींतून माणूस दिसू शकतो. आजार जुना होता आणि लपवला होता असं ठरवायला कुठली ओळ पुरेल, तेही त्यालाच सर्वांत आधी दिसतं. ज्ञान तेच, शिकवलं त्याच वॉर्डाने. लोकांच्या पैशाने दिलेलं हे ज्ञान त्या टेबलावर रोग्याच्या बाजूने उभं राहील की विरुद्ध, हे पदवीवरून सांगता येत नाही.

म्हणून मी पुन्हा त्या खुर्चीकडे वळतो. आज नियम साधा आहे: खोकला दोन आठवडे किंवा त्याहून जास्त असेल तर थुंकी तपासा. बाह्यरुग्ण विभागात रांग दाराबाहेर गेलेली असताना हा नियम पाळायला एकच प्रश्न लागतो, आणि उत्तर ऐकण्याइतका वेळ. हा नियम घडवण्यात खुर्चीत न बसणाऱ्यांचा वाटा मोठा होता. प्रश्न मात्र तिथे बसलेल्यानेच विचारायचा असतो. निघालेल्या मुलीला अडवावं असं मला वाटत नाही, आणि ती निघून गेल्यावर त्या रांगेतल्या खोकणाऱ्या माणसाला, बाबा, किती दिवस झाले, असं कोण विचारणार, हेही मला सांगता येत नाही.