लोकल

मुंबईत ‘लोकल’ हा शब्द स्त्रीलिंगी आहे. ती लेट असते, ती भरून येते, ती डोळ्यांदेखत सुटते. सर्फिंगच्या जगात मात्र लोकल म्हणजे माणूस. जिथे लाट फुटते त्या किनाऱ्यावर राहणारा, तिला रोज भेटणारा, आणि म्हणून तिच्यावर आपला हक्क चार आणे जास्त आहे असं मानणारा. या चार आण्यांवरून जगभर भांडणं झाली आहेत. कॅलिफोर्नियात लुनाडा बे नावाची एक प्रसिद्ध लाट आहे. तिथल्या श्रीमंत वस्तीतल्या सर्फर्सनी बाहेरच्यांना वर्षानुवर्षं पाण्यात उतरू दिलं नाही. दगड, शिव्या, गाड्यांची नासधूस, सगळं झालं. शेवटी २०१६ साली प्रकरण कोर्टात गेलं.

हे वाचून मला हसू आलं होतं, कारण मला लेडीज डब्याचा अनुभव आहे. ‘कुठे उतरणार?’ हा प्रश्न विचारून आपण सीटवर नाव लावतो. कोणी मध्येच घुसलं तर अख्खा डबा एक होतो. पाण्यातला नियमही साधारण तोच. लाट जिथे पहिल्यांदा फुटते, त्या जागेच्या सगळ्यात जवळ जो बसलाय, लाट त्याची. दुसऱ्याने मध्ये घुसायचं नाही. घुसलात तर त्याला ‘ड्रॉप इन’ म्हणतात, आणि ते पाप आहे. हा नियम कुठल्याही सरकारने केलेला नाही. लोकल तो पाळतात, पाळायला लावतात.

आता माझ्याबद्दल. मी वांद्रे पूर्वेला, सरकारी वसाहतीत वाढले. घरात वांद्रे, कॉलेजात बॅन्ड्रा. सव्वीस वर्षं एकच पत्ता. बाबा मंत्रालयात, त्यामुळे क्वार्टर. समुद्र रुळांच्या पलीकडे, पश्चिमेला. समुद्र म्हणजे गावाहून पाहुणे आले की दाखवायची गोष्ट. बॅण्डस्टँडला न्यायचं, शाहरुखचा बंगला दाखवायचा, कणीस खायचं, सूर्य बुडाला की बस की रिक्षा यावर वाद घालत परत यायचं. सप्टेंबरात मोतमाउलीची जत्रा. खडकांवर उतरायचं नाही, हा एकमेव नियम. त्यालाही कारण होतं. पावसाळ्यात हे खडक दर वर्षी कोणाला तरी घेऊन जातात. २०१६ च्या जानेवारीत तिथे सेल्फी काढताना एक मुलगी बुडाली, तिला वाचवायला उडी मारलेला माणूसही गेला. मग पोलिसांनी शहरात नो-सेल्फी झोन ठरवले. आमच्या घरात त्या आठवड्यात दुसरा विषय नव्हता.

त्यामुळे मी सर्फिंग शिकायला चाललेय म्हटल्यावर बाबांनी पेपर खाली ठेवला. ‘पोहता येतं तुला?’ येत होतं. स्विमिंग पुलात.

कुर्ल्याहून मत्स्यगंधा एक्स्प्रेस दुपारी सुटते आणि कोकण उभा कापत भल्या सकाळी उडुपीला सोडते. महाभारतातल्या कोळ्याच्या मुलीचं नाव या गाडीला ज्याने दिलं, त्याला दाद द्यायला हवी. उडुपीहून पुढे रस्ता अरुंद होत जातो. मग एका बाजूला नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र दिसायला लागतो, आणि मध्ये उरतो तो फक्त वाळूचा लांबट पट्टा, नारळ आणि घरं. हे कोडी बेंग्रे. टोकाशी नदी समुद्राला मिळते, आणि जमीन संपते. पलीकडे जायचं तर होडी.

हे गाव सर्फिंगच्या नकाशावर आणलं ते मुंबईत वाढलेल्या एका मुलीने. इशिता मालवीय २००७ साली पत्रकारिता शिकायला मणिपालला गेली. तिथे सर्फबोर्ड घेऊन आलेला एक जर्मन विद्यार्थी तिला भेटला. त्याच्यामुळे कळलं की जवळच मुल्कीला काही भक्तमंडळी आश्रमात राहतात आणि पहाटे जप झाला की लाटांवर जातात. ही गंमत नाही. जॅक हेबनर या अमेरिकन साधूने २००४ मध्ये तिथे सर्फिंगचा आश्रम काढला होता. भारतातल्या सर्फिंगची ती पहिली शाळा म्हणायला हरकत नाही. इशिता आणि तुषार पथियान यांनी सुरुवातीला दोघांत एकच बोर्ड वापरत सराव केला आणि पुढे कोडी बेंग्रेत शाका सर्फ क्लब उभा केला. इशिताला भारताची पहिली व्यावसायिक महिला सर्फर म्हणतात. दुसऱ्या किनाऱ्यावर, चेन्नईजवळच्या कोवलममध्ये, मूर्ती मेघवन या मच्छीमाराने २०१२ साली गावातल्या मुलांसाठी सर्फ स्कूल काढलं. लहानपणी तो लाकडाच्या फळीवर लाटा घ्यायचा.

म्हणजे या खेळाचा इतिहास परदेशी बोर्डाने सुरू होतो आणि कोळ्याच्या पोरापाशी येऊन थांबतो. मी ज्याच्याकडे शिकले तोही तसाच. तिथल्या मोगवीर या मच्छीमार समाजातला, वय वीसच्या आसपास. आजोबा नावेवर, वडील मालप्याच्या बंदरात ट्रॉलरवर, आणि हा बोर्डवर. मला ‘अक्का’ म्हणायचा. हिंदी मोडकी, पण सूचना स्पष्ट: ‘अक्का, खाली नको बघू. खाली बघितलं की खालीच जाणार.’

पहिले दोन दिवस मी फक्त पाणी प्यायले. बोर्ड नऊ फुटी, स्पंजासारखा मऊ. त्याच्यावर पालथं पडायचं, हातांनी वल्हवायचं, लाटेने मागून उचललं की एका झटक्यात उभं राहायचं. ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात दंड भरून येतात, बरगड्या सोलवटतात, नाकातून रात्री जेवतानाही पाणी येतं. तिसऱ्या दिवशी मी उभी राहिले. तीन सेकंद असतील. पायाखाली काहीतरी जिवंत सरकत होतं, आणि ते मला नेत होतं. एवढंच सांगता येतं.

पण मला खरा धडा मिळाला तो उभं राहताना नाही, बसून वाट बघताना. लाटा फुटतात त्याच्या मागे सगळे जण बोर्डवर पाय सोडून बसतात. बसून काय करायचं? मोजायचं. दोन लाटांमध्ये किती सेकंद जातात ते. सहा-सात सेकंद आले तर लाट जवळच्याच वाऱ्याने केलेली, विस्कटलेली. चौदा-पंधरा आले तर ती दक्षिण हिंदी महासागरातल्या एखाद्या वादळातून निघालेली, हजारो किलोमीटर, आठवडाभर प्रवास करून आलेली. हिवाळ्यात अरबस्तानाकडून सुटणारे शमाल वारेही आपल्या किनाऱ्यापर्यंत लाटा पाठवतात, त्या वायव्येकडून येतात. म्हणजे पाण्यात बसल्या बसल्या कुठे काय घडून गेलंय ते कळतं.

एकदा असंच मोजत बसलो असताना त्याने विचारलं, ‘अक्का, तुमच्या गावाला पण समुद्र आहे ना? लाट कुठे फुटते?’

या प्रश्नाचं उत्तर मी नंतर शोधलं. शाळेत भूगोलात ‘समुद्रबूड जमीन’ नावाचा धडा होता, आठवत असेल. मुंबईसमोर ही उथळ जमीन समुद्राखाली सुमारे ३०० किलोमीटर पसरली आहे. दक्षिणेकडे ती अरुंद होत जाते. लांबून आलेली लाट एवढा उथळ तळ घासत येते, तिची ताकद वाटेत जिरते. जी उरते ती वांद्र्याच्या काळ्या खडकांवर आपटते. शिवाय आपली भरती-ओहोटी. उधाणाला मुंबईचं पाणी पाच मीटरच्या आसपास चढतं-उतरतं, उडुपीकडे जेमतेम दीड मीटर. त्यामुळे सकाळी जिथे पाणी तिथे दुपारी खडक.

यातूनच आणखी एक गोष्ट लक्षात आली. दर जूनमध्ये आपल्याकडे बातमी येते: ‘या दिवशी साडेचार मीटरच्या लाटा उसळणार.’ महापालिकेच्या यादीत असते ती लाटेची उंची नाही, भरतीची पातळी असते. पाणी शांतपणेही साडेचार मीटर चढू शकतं. लाटांची उंची हा वेगळा आकडा आहे, तो हैदराबादची इन्कॉइस ही संस्था देते. लाखो लोक समुद्राला खेटून राहतात आणि वर्षानुवर्षं भरतीला लाट म्हणतात. कोळीवाड्यात ही गल्लत कोणी करणार नाही.

पाचव्या दिवसाची गोष्ट सांगायलाच हवी. लाटा छान होत्या. आम्ही आठ-दहा जण पाण्यात, त्यात बेंगळुरूहून वीकेंडला आलेली चार मुलं. अचानक किनाऱ्यावरून शिट्टी आली. आमच्या मास्तराने सगळ्यांना बाहेर काढलं. बेंगळुरूचा एक जण चिडला, त्याने तासाचे पैसे भरले होते. मास्तराने नुसतं बोट दाखवलं. एक नाव किनाऱ्यापासून निघून अर्धगोल घेत जाळं सोडत चालली होती. आपल्याकडे मालवणला रापण लावतात तीच ही. तिथे तिला रंपणी म्हणतात. जाळ्याची दोन्ही टोकं वाळूवर, आणि गाव दोन रांगांत उभं राहून खेचतं.

‘जाळं पाण्यात असलं की आपण बाहेर,’ मास्तर म्हणाला. ‘पहिला नंबर त्यांचा.’ मग बोर्ड वाळूत टाकून तो रांगेत शिरला. जाता जाता माझ्याकडे बघून म्हणाला, ‘अक्का, खेचा.’

मी खेचलं. दोर ओला, खारट, हाताला सोलून काढणारा. पुढे एक म्हातारी अम्मा होती, तिचा जोर माझ्या दुप्पट. अर्ध्या तासाने जाळं आलं: तारली, थोडे बांगडे, बाकी कचरा आणि प्लास्टिक. ‘बंगुडे,’ अम्मा बांगडा दाखवून म्हणाली. मी म्हटलं, ‘बांगडा.’ आमच्यात तेवढी एकच भाषा होती, ती पुरली. वाटणी झाली तेव्हा मास्तराला वाटा मिळाला. मलाही दोन बांगडे मिळाले. तो चिडलेला मुलगा फोनवर शूट करत होता, त्याला कोणी काही म्हटलं नाही, आणि मासेही दिले नाहीत.

लुनाडा बेचे लोकल आणि हे लोकल, यांच्यात फरक कुठे आहे ते मला त्या दोरावर कळलं. तिथे हक्क घरांच्या किमतीतून आला होता. इथे तो कामातून येतो, आणि म्हणून तो वाटून घेता येतो. तुम्ही हात लावलात तर तुमचाही वाटा.

पण बेंग्रे स्वर्ग आहे असं कोणी समजू नये. वीकेंडला ड्रोन उडतात, बाटल्या पडतात. त्या किनारपट्टीवर ठिकठिकाणी समुद्र जमीन खातो म्हणून दगडांचे बांध टाकलेत. बांधाने घर वाचतं, पण लाट त्याच्यावर आपटून उलटी फिरते आणि समोरची वाळू ओढून नेते. वाळू गेली की लाटही गेली, आणि रापण ओढायला जागाही गेली. जून-जुलैत मासेमारी बंद, सर्फिंगही बंद, कारण तेव्हाचा समुद्र कोणाचाच नसतो. तेव्हा गाव काय खातं, हा प्रश्न रीलमध्ये येत नाही.

परत आल्यावर मी हे सगळं माझ्या चिंबईच्या मित्राला सांगितलं. चिंबई म्हणजे वांद्रे पश्चिमेचा कोळीवाडा, बॅण्डस्टँडपासून चालत जाण्याच्या अंतरावर. कॉलेजपासूनची मैत्री. त्याच्या वडिलांची होडी दोन वर्षांपूर्वी विकली गेली, तो आता बँकेत आहे. तो भरपूर हसला. ‘पैसे देऊन लाटा खायला गेलीस? आम्ही लहानपणी थर्माकोलच्या लादीवर फुकट खायचो.’ मग थोडा गप्प झाला. ‘आता भाच्याला पाण्यात उतरू देत नाही. अंगाला खाज सुटते. गटाराचं पाणी आहे ते.’

म्हणजे वांद्र्यालाही सर्फर होते. त्यांना कोणी ते नाव दिलं नव्हतं, आणि नाव मिळण्याआधीच पाणी संपलं.

या वर्षी बाबा रिटायर झाले. क्वार्टर सोडायचं होतं, विरारला फ्लॅट घेतलाय. बाबा त्या महिन्यात फार बोलत नव्हते. सव्वीस वर्षांत इथल्या पाण्याला एकदाही हात न लावता वांद्रे सोडायचं मला पटेना, म्हणून मी त्यांना चिंबईला घेऊन गेले. मित्राची आई खडकांवरून कालवं काढून परतत होती. बाबांनी तिला विचारलं, ‘तुम्हाला ओहोटी कधी ते कसं कळतं? मोबाइलवर?’

‘मोबाइल कशाला? तिथी बघायची, तिची पाऊणपट करायची. तेवढ्या वाजता भरती. तिच्यापुढे सहा तासांनी ओहोटी.’

बाबांची नोकरी आकड्यांत गेलेली. त्यांनी तिथेच हिशोब केला. चतुर्थीला तीन. अष्टमीला सहा, तेव्हा भांग, पाणी कमी चढतं. पौर्णिमेला सव्वाअकरा, तेव्हा उधाण. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा उजळला. त्या संध्याकाळी त्यांनी भिंतीवरचं कालनिर्णय काढलं आणि पेन्सिलने प्रत्येक चौकोनात भरतीची वेळ लिहायला घेतली. सामान बांधताना ते कॅलेंडर त्यांनी खोक्यात टाकू दिलं नाही, हातात धरून टेम्पोत बसले.

निघण्याआधी ते चिंबईला पुन्हा एकदा गेले होते, एकटेच. विचारायला, की विरारला, अर्नाळ्याच्या किनाऱ्याला, हाच हिशोब चालेल का.

‘थोडाफार फरक पडेल,’ मावशी म्हणाल्या. ‘तिथल्या बायकांना विचारा.’