जेद्दा ते जळगाव, तेहतिसाव्या आठवड्यात

आमचे घर धुळ्यात, हिचे माहेर जळगावात आणि नोकरी जेद्दात. पहिले बाळंतपण माहेरी होणार, हे दोन्ही घरांनी धरूनच ठेवले होते. प्रश्न एवढाच, निघायचे कधी?

अम्मी चांदाचे महिने मोजत होत्या, सासूबाई कॅलेंडरचे आणि डॉक्टर आठवडे. विमान कंपनीही आठवडेच मोजते, तेही शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. बहुतेक कंपन्या 28 आठवड्यांनंतर डॉक्टरांचे पत्र मागतात. पोटात एकच बाळ आणि तब्येत ठीक असेल तर साधारण 36 आठवड्यांपर्यंत नेतात. जुळे असेल तर 32 च्या आसपासच थांबवतात. प्रत्येक कंपनीचा आकडा थोडा वेगळा, म्हणून तिकिटाआधी विचारावे. आमची रजा मंजूर होईपर्यंत 33 वा आठवडा लागला.

काउंटरवरच अडलो. आमच्याजवळचे पत्र दहा दिवसांपूर्वीचे होते, कंपनीला सात दिवसांच्या आतले हवे होते. चूक आमचीच, नियम नीट वाचला नव्हता. विमानतळावरच्या दवाखान्यात तपासणी होऊन नवे पत्र मिळाले, तोवर दोघांच्याही तोंडचे पाणी पळाले होते.

विमान सुमारे पाच तासांचे. गरोदरपणात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका मुळातच वाढलेला असतो, त्यात तासन् तास पाय लोंबकळत बसणे वाईट. म्हणून डॉक्टरांनी सांगितलेले घट्ट मोजे घातले, मधल्या वाटेकडेची खुर्ची घेतली, तासा-तासाने ही उठून चालली. पट्टा पोटाच्या खालून, मांड्यांवर बांधला. विमानातली हवा कोरडी असते, म्हणून पाणी घोट घोट चालूच ठेवले.

खरी दमछाक मुंबईनंतर झाली. कल्याणहून रेल्वे धरली. गरोदर बाईला खालचा बर्थ मिळण्याची सोय रेल्वेत आहे, ती घेतली होती. कसारा घाट चढून इगतपुरी, नाशिक, मनमाड आले. आता चाळीसगाव येणार होते. तिथून एक फाटा धुळ्याला जातो.

अम्मींची इच्छा होती की सुनेने आधी धुळ्याला यावे, दोन दिवस राहावे, मग जळगावला जावे. म्हणजे गाडी बदलायची आणि नंतर पारोळा, एरंडोलवरून नव्वदेक किलोमीटरचा रस्ता. हिचे पाय सुजले होते, कंबर धरली होती. पण पहिल्यांदा येणाऱ्या सुनेने सासर ओलांडून माहेरी कसे जायचे, म्हणून ही काही बोलत नव्हती. शेवटी मनमाडहून आम्हीच फोन केला.

अम्मी क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "चाळीसगावला उतरू नका. मीच येते."

संध्याकाळी त्या एसटीने जळगावला आल्या. फडक्यात कळण्याच्या भाकरी होत्या, बरोबर ठेचा. विहिणीच्या घरी दोन रात्री राहिल्या. सुनेच्या पायांना तेल लावताना म्हणाल्या, "घर कुठे पळून जात नाही."

रजा तीन आठवड्यांची होती, ती संपली. बाळ 38 व्या आठवड्यात झाले, तेव्हा आमच्यातला एक पुन्हा जेद्दात होता. कानात अजान नानांनी दिली, ती तिकडे फोनवर ऐकली. जन्माची नोंद 21 दिवसांच्या आत महानगरपालिकेत करून घेतली, कारण बाळाच्या पासपोर्टला तो दाखला लागतो.

परदेशातून येणाऱ्या बहिणींना आमचे एवढेच सांगणे आहे. जमले तर 28 आठवड्यांच्या आधीच निघा. विमानाचे तास मोजू नका, दारापासून दारापर्यंतचे मोजा. आमचे बावीस झाले होते. आणि घरच्या मोठ्यांनो, त्या शेवटच्या टप्प्यात सुनेला बोलावण्याऐवजी तुम्हीच तिच्याकडे जा.