राखणदारच भिंत पोखरतात तेव्हा

आबांच्या धाकट्या भावाला हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा घरात सगळ्यांनाच नवल वाटले. तीनच महिन्यांपूर्वी भाऊंचे कोलेस्टेरॉल तपासले होते आणि ते ठीक निघाले होते. त्या कागदाच्या भरवशावर बिडी चालूच राहिली. दात घासताना हिरड्यांतून रक्त येई, तेही कोणी मनावर घेतले नाही. भाऊ वाचले, पण आबांच्या मनातला प्रश्न काही जाईना.

शेवटी त्यांनी तो घरच्या डॉक्टरांनाच विचारला. डॉक्टर म्हणाले, “आबा, कोलेस्टेरॉल निर्दोष नाही, पण ते एकटेच गुन्हेगारही नाही.”

कोलेस्टेरॉल वाहून नेणारे एलडीएलचे कण रोहिणीच्या आतल्या अस्तराखाली शिरतात आणि अडकतात. शरीराला ते परके वाटू लागतात. मग पांढऱ्या पेशी धावून येतात, त्यांना गिळतात, फुगतात आणि तिथेच मरतात. असा थर साचत जातो. त्यावर सायीसारखे आवरण धरते. ही लढाई, म्हणजेच दाह, धुमसत राहिला तर ते आवरण पातळ होऊन फाटते. तिथे रक्ताची गुठळी जमते आणि वाट बंद होते. राखायला आलेल्यांकडूनच भिंत पोखरली जाते, ती अशी.

या धुमसण्याचा सुगावा रक्तातल्या एका प्रथिनावरून लागतो. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस यांना ते न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडले. त्याचे नाव सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, म्हणजे सीआरपी. दाहाची वर्दी मिळताच यकृत ते तयार करते. आग कुठेतरी आहे, एवढे सांगणारा हा धूर. साध्या तापानेही तो वाढतो. म्हणून आजारपणात केलेल्या तपासणीवरून हृदयाचा अंदाज बांधू नये.

मग ही आग विझवली तर? २०१७ साली जाहीर झालेल्या एका मोठ्या चाचणीत नेमके हेच पाहिले गेले. पूर्वी झटका येऊन गेलेल्या आणि सीआरपी वाढलेल्या दहा हजारांहून अधिक रुग्णांचा तिच्यात समावेश होता. त्यातल्या काहींना दाह शमवणारे इंजेक्शन दिले. त्याने कोलेस्टेरॉल उतरले नाही. तरीही मधल्या मात्रेने हृदयविकाराचे झटके, पक्षाघात आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू मिळून सुमारे १५ टक्क्यांनी घटले.

आबांना हुरूप आला. “मग तेच इंजेक्शन द्या की भाऊला!”

डॉक्टरांनी मान हलवली. त्या औषधाने जंतुसंसर्गामुळे होणारे मृत्यू थोडे वाढले होते. राखणदार झोपवले की चोराला दार मोकळे! त्यांना झोपवायचे नाही, विनाकारण डिवचायचे नाही. बिडीचा धूर, सुजलेल्या हिरड्या, पोटावरची चरबी यांनी ते सतत चवताळलेले राहतात. झटक्यानंतर देतात त्या स्टॅटिनच्या गोळ्या कोलेस्टेरॉल उतरवतात आणि दाहही कमी करतात. त्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत.

त्या संध्याकाळी आबांनी भाऊंच्या कोनाड्यातला बिडीबंडल आणि काड्यापेटी स्वतः उचलून टाकली. भाऊ नुसते पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, “दादा, दातांच्या डॉक्टरकडे उद्या तूही चल. तुझ्याही हिरड्या कुठे धड आहेत?”