बुरखा : एक वाक्प्रचार आणि एक छायाचित्र

मराठीत 'बुरखा फाडणे' असा एक वाक्प्रचार रूढ आहे. अग्रलेखांतून तो सढळपणे वापरला जातो : देशभक्तीचा बुरखा, समाजसेवेचा बुरखा, पुरोगामित्वाचा बुरखा. दरोड्याच्या बातमीत 'बुरखाधारी' इसम येतात. या प्रयोगांत मुस्लिम स्त्रीचा कोठेही संबंध नाही. तरीही तिच्या वस्त्राचे नाव या भाषेत ढोंग आणि लपवणूक या अर्थांशी पक्के जोडले गेले आहे. 'पदर' या शब्दाचे नशीब अगदी निराळे. पदराखाली माया असते, पदर पसरून दान मागता येते. डोके झाकणारी दोन वस्त्रे. भाषेने त्यांना दिलेली आयुष्ये मात्र दोन टोकांची.

वृत्तपत्रातील छायाचित्र या पूर्वसंस्काराच्या आधारावरच वाचले जाते. बातमी मतदानाची असो, लोकसंख्येची असो वा न्यायालयीन निकालाची; काळ्या बुरख्यातील तीन-चार पाठमोऱ्या स्त्रिया तिच्या शेजारी छापल्या की काम भागते. त्यांची नावे नसतात. चित्र कोठले, कधीचे याचाही उल्लेख बहुधा नसतो. काव्यशास्त्राच्या परिभाषेत ही रूढिलक्षणा होय. वस्त्राने व्यक्तीचा निर्देश होतो आणि रूढी पक्की झाली की मुख्यार्थाची आठवणही राहत नाही.

शाहबानो प्रकरण या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे. इंदूरच्या या वृद्धेने १९७८ साली फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १२५ व्या कलमाखाली पोटगी मागितली. अर्ज प्रलंबित असतानाच पतीने तलाक दिला. दंडाधिकाऱ्यांनी दरमहा २५ रुपये मंजूर केले. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने १९८० साली ती रक्कम १७९ रुपये २० पैशांवर नेली. सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या पीठाने २३ एप्रिल १९८५ रोजी पतीचे अपील फेटाळून हा आदेश कायम ठेवला. पुढे या विषयावर शाईचा जो पूर लोटला त्यात १७९ रुपये २० पैसे हा आकडा दिसेनासा झाला. चार दशकांहून अधिक काळच्या संसारानंतर घराबाहेर पडावे लागलेली, पाच मुलांची आई असलेली स्त्री मागे सरली आणि समान नागरी कायदा, अल्पसंख्याकांचा अनुनय, शरीयतचे संरक्षण ही भारदस्त नामे पुढे आली.

मग नोव्हेंबर १९८५ मध्ये शाहबानोंनी अंगठा उठवून एक खुले पत्र प्रसिद्ध केले आणि आपल्याच बाजूने लागलेला निकाल नाकारला. काल नायिका, आज कोडे! एका पक्षाने त्यांना दडपणाची बळी ठरवले, दुसऱ्याने सन्मार्गावर परतलेली श्रद्धाळू. झाकिया पाठक आणि राजेश्वरी सुंदर राजन यांनी १९८९ च्या इंग्रजी निबंधात या माघारीचा अर्थ, एका स्थिर आणि एकसंध ओळखीत बसण्यास दिलेला नकार, अशा दिशेने लावला. वाचन सूक्ष्म आहे. पण त्यात एका वृद्धेच्या निरुपायाला सिद्धान्ताचे तेज चढण्याचा धोकाही आहे. ज्या समाजात रोज वावरायचे, त्याचा रोष पत्करून सत्तरीच्या उंबरठ्यावर जगणे किती जणींना परवडेल, हा साधा प्रश्न सिद्धान्तनापूर्वी विचारला जावयास हवा.

महाराष्ट्राची स्मृतीही याबाबतीत फारशी निर्दोष नाही. १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम स्त्रिया तोंडी तलाक आणि बहुपत्नीकत्व यांविरुद्ध मुंबईत विधिमंडळावर चालून गेल्या. मराठीत ही घटना सांगितली जाते ती अशी : 'हमीद दलवाईंनी सात स्त्रियांचा मोर्चा काढला.' कर्ता दलवाई, कर्म मोर्चा, आणि स्त्रिया षष्ठी विभक्तीत. दलवाईंचे मोठेपण याने उणावत नाही. त्या काळी असे धाडस करणारा पुरुषही दुर्मीळच होता. पण सात ही संख्या ज्यांना मुखोद्गत आहे, अशांपैकी कितींना ती सात नावे सांगता येतील? मेहरुन्निसा दलवाईंच्या आत्मकथनाचे 'मी भरून पावले आहे' हे शीर्षक प्रथमपुरुषी क्रियापदाने संपते, याचे महत्त्व या पार्श्वभूमीवर कळते.

लोकप्रिय चित्रपटाचा व्यवहार वेगळा भासतो, परंतु तेथेही नजर बुरख्याच्या कडेशी घुटमळते. 'चौदहवीं का चाँद' (१९६०) आणि 'मेरे मेहबूब' (१९६३) या चित्रपटांत पडदा हे कथानकाचे यंत्र आहे. त्याच्यामुळे ओळख चुकते, प्रणय लांबतो. पस्तीस वर्षांनी 'बॉम्बे'मध्येही (१९९५) नायकाला नायिका प्रथम दिसते ती वाऱ्याने तिच्या चेहऱ्यावरचे वस्त्र उडाल्यावरच. १९८२ साली बी. आर. चोप्रांचा 'निकाह' आला आणि तलाकचा प्रश्न मोठ्या प्रेक्षकवर्गापुढे गेला. त्याच वर्षी जळगावात मुस्लिम स्त्रियांनी चित्रपटगृहात जाऊ नये अशी बंदी समाजातील काही पुढाऱ्यांनी घातली आणि रझिया पटेल या तरुण कार्यकर्तीने तिच्याविरुद्ध आंदोलन उभारले. मुस्लिम स्त्रीच्या प्रतिमेची चर्चा करणारे अभ्यासक या घटनेपाशी क्वचितच थांबतात. तिचे दर्शन कसे घडते याची चिकित्सा पुष्कळ झाली. तिकीट काढून अंधारात बसण्याचा, स्वतः पाहण्याचा तिचा हक्क हा मात्र तळटीपेचा विषय राहिला.

अपवाद आहेत. श्याम बेनेगलांच्या 'मम्मो'तील (१९९४) वृद्धेची अडचण तलाक नाही, बुरखाही नाही. ती व्हिसाची, म्हणजे फाळणीने लादलेल्या नागरिकत्वाची आहे. 'गल्ली बॉय'मधील (२०१९) सफीना वैद्यकीय शिक्षण घेते, मत्सराने पेटून हात उगारते आणि डोक्याला रुमालही बांधते. त्या रुमालाचे स्पष्टीकरण देण्याची गरज चित्रपटाला वाटत नाही, हे त्याचे यश.

डिसेंबर २०१९ पासून मार्च २०२० पर्यंत दिल्लीच्या शाहीन बागेत मुस्लिम स्त्रिया नागरिकत्व कायद्यातील दुरुस्तीविरोधात रस्त्यावर बसल्या, तेव्हा रूढिलक्षणेची पंचाईत झाली. येथे सोडवण्याजोगी अबला नव्हती. संविधानाचा हवाला देणाऱ्या आज्या होत्या. लगेच 'त्यांच्यामागे कोण आहे' हा प्रश्न सुरू झाला. अर्थात पुन्हा षष्ठी. आणि जुलै २०२१ व जानेवारी २०२२ मध्ये दोन ॲपांवर मुस्लिम स्त्रियांचा खोटा 'लिलाव' मांडला गेला तेव्हा निवडल्या गेल्या त्या पाठमोऱ्या, निनावी स्त्रिया नव्हेत. पत्रकार, लेखिका, कार्यकर्त्या, चेहरा आणि नाव घेऊन बोलणाऱ्या स्त्रिया होत्या; त्यांची छायाचित्रे त्यांनीच कधीतरी समाजमाध्यमांवर प्रसिद्ध केलेली होती. त्यांपैकी काहींनी पोलिसांत तक्रारी दिल्या आणि घडल्या प्रकाराविषयी स्वतःच्या नावाने लिहिले.