शिमोनचे हात

जानेवारी 2020 मध्ये आमच्या उस्मानाबादेत, म्हणजे आजच्या धाराशिवात, 93 वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो. त्यांचे ‘सुबोध बायबल’ मी तेव्हा निव्वळ कुतूहलाने चाळले आणि लूकच्या शुभवर्तमानातील शिमोनपाशी थांबलो.

मसीहाला पाहिल्याखेरीज तुला मरण येणार नाही, असे त्याला आश्वासन मिळालेले असते. यरुशलेमच्या मंदिरात मरिया आणि योसेफ तान्ह्या येशूला आणतात. शिमोन त्याला हातांवर घेतो आणि आता आपण शांतपणे जाऊ शकतो, असे देवाला सांगतो. गंमत अशी की लूक त्याचे वय सांगतच नाही. पांढरी दाढी त्याला परंपरेने दिली.

रेम्ब्रांटने हा प्रसंग 1631 मध्ये रंगवला, तेव्हा तो पंचविशीत होता. हेगच्या माउरित्सहाउस संग्रहालयातील त्या चित्रात भव्य मंदिर आहे, माणसांची गर्दी आहे. 1669 मध्ये तो मरण पावला तेव्हा हाच विषय पुन्हा त्याच्यापुढे होता, अपुरा. आज स्टॉकहोममध्ये असलेल्या या चित्रात मंदिर उरलेले नाही. एक वृद्ध, एक बाळ, मागे अंधूक स्त्री. वृद्धाचे डोळे जवळजवळ मिटलेले आहेत. पण हात पाहा! ते सरळ पुढे आले आहेत. बाळ त्यांवर टेकले आहे, बोटांनी त्याला धरलेले नाही.

सप्टेंबर 1668 मध्ये रेम्ब्रांटचा मुलगा टायटस 26 व्या वर्षी गेला. मार्च 1669 मध्ये टायटसची मुलगी जन्मली. ऑक्टोबरमध्ये आजोबाही गेले. हे चित्र नातीचे आहे, असे इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मी म्हणणार नाही. मात्र ते पाहताना या तारखा विसरणे मला जमत नाही.

असा एक वृद्ध आपल्या मराठवाड्यातही आहे, आणि तो रेम्ब्रांटहून हजारभर वर्षांनी जुना. अजिंठ्याच्या 16 व्या लेण्यात, वाकाटककालीन भित्तिचित्रात, असित ऋषी तान्ह्या सिद्धार्थाला घेऊन आहेत. अश्वघोषाच्या ‘बुद्धचरिता’त असित रडतात: हा बुद्ध होईल, पण त्याचा उपदेश ऐकायला मी नसेन. शिमोनला पाहणेच पुरते. असितांना पुरत नाही.

भाचीच्या बारशाला आजोबांनी तिला घेतले, ते अगदी शिमोनसारखे, ताठ हातांवर. “हिची शाळा बघायला मी कुठं असणार?” एवढेच म्हणाले. हात थरथरू लागले तरी तिला परत देईनात.